पोच

आवक-जावकच्या टेबलावर शिक्का मारायला फार तर दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांसाठी मी एकदा पावणेतीन तास बाकावर बसले होते. साहेब मीटिंगला, क्लार्क जेवायला, आणि शिपाई दर अर्ध्या तासाने येऊन सांगतोय, "ताई, ठेवून जा की अर्ज. साहेब आले की देतो." ठेवून गेलेल्या अर्जाचं काय होतं ते गुरुजींनी आधीच बजावलं होतं. "दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना, एक आपल्याला. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. पोच हातात पडल्याशिवाय उठायचं नाही."

गुरुजी आमच्या गटातले सगळ्यात थोरले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. जन्मभर पटसंख्येचा आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब वरच्या कार्यालयांना देत आलेला माणूस. कागदाची ताकद आणि कागदाची लबाडी, दोन्ही त्यांना ठाऊक. त्यांची मुलगी आजारी आहे. माझा भाऊ आजारी आहे. अशी आम्ही सात घरं महिन्याच्या पहिल्या रविवारी तालुक्याच्या वाचनालयात जमतो. आमची मागणी एकच होती: मनाच्या आजाराच्या गोळ्या इथल्या ग्रामीण रुग्णालयात मिळाव्यात.

हे ऐकून पुण्या-मुंबईकडची ओळखीची माणसं जरा हिरमुसतात. एवढंच? हो, एवढंच.

'पोच' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले तो वेगळ्याच अर्थाने. "याला कुठं काय बोलावं त्याची पोच नाही." हे दादाबद्दल. लग्नात, बारशात, कुणाच्या दहाव्याला. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आयटीआयला फिटरचा ट्रेड करत होता, हात चांगला होता. 1998 च्या पावसाळ्यात एका रात्री त्याने घरातला रेडिओ गोधडीत गुंडाळून जोंधळ्याच्या कणगीत पुरून ठेवला. बातम्यांत आपलं नाव घेतात म्हणाला. आई हसली. पुढच्या आठवड्यात त्याने जेवण सोडलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

मग जे सगळ्यांच्या घरी होतं ते आमच्याही घरी झालं. देवऋषी झाला, लिंबू झाले, अमावास्या झाल्या. चुलत्यांनी सुचवलं, "लग्न करून टाका, ताळ्यावर येईल." नशीब, कुणाची मुलगी त्यात सापडली नाही. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहिलं. वडिलांनी ते घरी येईपर्यंत एसटीत दहा वेळा वाचलं आणि तरी शेवटपर्यंत त्यांना 'स्किझोफ्रेनिया' म्हणता आलं नाही. गोळ्यांनी फरक पडला. फरक पडला म्हणून गोळ्या बंद केल्या. हेही सगळ्यांच्या घरी होतं.

2000 साली दादाला आम्ही बांधलं.

साखळी नव्हती. गोठ्यातलं दावं होतं. म्हैस आदल्या वर्षी विकली होती, दावं मात्र खुंटीला तसंच लटकत होतं. दादा दोनदा रात्रीचा विहिरीच्या काठावर सापडला होता. जीपवाला न्यायला तयार होईना. रस्त्यात स्टिअरिंगला हात घातला तर काय करू, म्हणाला. आणि दवाखाना 62 किलोमीटरवर. गाठ वडिलांनी मारली. दाव्याचं दुसरं टोक धरून मी उभी होते. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय राज्यशास्त्र. मूलभूत हक्कांवर परीक्षेत हमखास प्रश्न यायचा आणि मला तो चांगला यायचा.

अकरा दिवस. बाराव्या दिवशी दुसऱ्या गावचा एक टेंपोवाला तयार झाला.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पेपरात तमिळनाडूतल्या एरवाडीची बातमी आली. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी 'मनोरुग्ण आश्रमा'च्या झापाच्या शेडला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेली 28 माणसं गेली. सुटता आलं नाही म्हणून गेली. सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, असे आश्रम बंद झाले, नियम आले. आमच्या घरी त्या दिवशी पेपर कुणी मोठ्याने वाचला नाही. वडिलांनी संध्याकाळी खुंटीवरचं दावं काढलं आणि कुठे टाकलं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आज मी लोकांना सांगते की कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधायला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला दोराने वा साखळीने बांधून मारहाण केली तर तो गुन्हा आहे. हे सांगताना माझा आवाज जरा जास्तच ठाम होतो. ऐकणाऱ्या घरात एखादी आई मान खाली घालून बसलेली असते. तिला मी पुढे सांगते, "आम्हीही बांधलं होतं." मगच ती बोलायला लागते.

मोठ्या इस्पितळाबद्दल थोडंसं. आपल्याकडे ती नावं शिव्यांसारखी वापरली जातात: "याला येरवड्याला टाका", "हिला ठाण्याला सोडा". क्रियापदं बघा. टाकणं, सोडणं. आजारी माणसाला कुणी 'दाखल करा' म्हणत नाही. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. एकट्या येरवड्याच्या मंजूर खाटा 2540. आमच्या तालुक्यातल्या मोठ्यातल्या मोठ्या गावाइतकी वस्ती ती. दादा एका मोठ्या इस्पितळात दोन महिने होता. कोणत्या, ते सांगून आता उपयोग नाही. परत आल्यावर त्याने तिथल्याबद्दल एकच तक्रार केली: चप्पल मिळाली नाही. दोन महिने अनवाणी. बाकी काही विचारलं की म्हणायचा, "चप्पल काढून घेतली."

दादाला न्यायला आम्ही गेलो. कित्येकांना न्यायला कुणी येत नाही. पत्ता खोटा दिलेला असतो, नाहीतर जमीन वाटून झालेली असते. बरी झालेली माणसं वीस-वीस वर्षं वॉर्डात राहतात. 2017 च्या कायद्याचं 19 वं कलम याच माणसांसाठी आहे: घरच्यांनी नाकारलं, घर नाही किंवा समाजात राहायची सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. मग ठेवायचं कुठे? आपल्या राज्यात अशा माणसांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं चाललं होतं, आणि 2021 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला ते ताबडतोब थांबवा म्हणून सांगावं लागलं. एका कुलपातून दुसऱ्या कुलपात, आणि याला कागदोपत्री नाव 'पुनर्वसन'.

आमचा गट कसा सुरू झाला याची काही थोर कथा नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन नावाची संस्था आहे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणातून त्यांनी हे काम उभं केलं. तिथे आजारी माणसाला 'शुभार्थी' म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. मला आधी हे शब्द फार गुळचट वाटले. सत्यनारायणाच्या पूजेतून उचलल्यासारखे. पण गावात माझी ओळख 'येड्याची बहीण' अशी होती. त्यापेक्षा शुभंकर बरं. वाचनालयाच्या भिंतीवर 'शुभंकर मेळावा' असा कागद डकवला, तर तीन बायका भिशीची मीटिंग समजून आल्या. त्यातली एक अजून येते. तिचा नवरा.

पुण्यातच भार्गवी दावर होत्या, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या बापू ट्रस्टच्या. 2024 मध्ये त्या गेल्या. त्यांची मांडणी वाचताना मला दर वेळी बोचायचं. संमतीशिवाय दिलेला उपचार हा उपचारच नव्हे, असं त्या म्हणत. 2007 मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, तर मग मानसिक आजाराच्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायची वाट नव्या कायद्यातही शिल्लक का, असा त्यांचा सवाल. विहिरीच्या काठावर रात्री दोनला उभ्या असलेल्या भावाला मी काय विचारायचं, हा माझा. मला त्यांचं सगळं पटलं असं आजही म्हणवत नाही. पण पुण्याच्या वस्त्यांमधून त्यांच्या संस्थेने जे काम केलं, म्हणजे दारात जाऊन बसणं, ऐकणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यात ओढणं, त्यावरून मला एक कळलं. विहिरीच्या काठापर्यंत गोष्ट जायच्या आधी बरेच महिने मिळतात. त्या महिन्यांत दादाच्या आसपास कुणीच नव्हतं. आम्ही होतो, पण आम्ही लिंबू कापत होतो.

आता गोळ्यांकडे येते.

दादाच्या गोळ्या दोन: रात्रीची रिस्पेरिडोन आणि तिच्याने हात थरथरू नयेत म्हणून एक छोटी पांढरी गोळी. दर महिन्याला त्यासाठी जिल्हा रुग्णालय. पहाटेची पहिली एसटी, फाट्यावर बदल, केस पेपरची रांग, डॉक्टरांची रांग, औषधाची रांग. खिडकीतून उत्तर, "पांढरी शिल्लक नाही, बाहेरून घ्या." परतीची शेवटची गाडी चुकली तर स्टँडवर मुक्काम. शेतमजूर घरात एका माणसाची ही फेरी म्हणजे दोन माणसांचा रोज बुडणं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फेरी चुकते. मग गोळ्या चुकतात. मग आवाज परत येतात. आणि मग डॉक्टर विचारतात, "औषधं का बंद केली?"

2018 च्या मे महिन्यात तो 2017 चा नवा कायदा लागू झाला. गुरुजींनी त्याची प्रत मिळवली आणि पोथी वाचावी तशी रोज चार पानं वाचली. एका रविवारी ते 18 वं कलम घेऊन आले. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळाली पाहिजेत, आणि तीही सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक ठिकाणी, सर्वकाळ. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपलं ग्रामीण रुग्णालय. म्हणजे एसटी स्टँडच्या मागचं. 'सर्वकाळ'खाली गुरुजींनी लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या, चुकलेल्या शुद्धलेखनाखाली मारतात तशा.

पहिला अर्ज त्याच आठवड्यात गेला. पुढचं सगळं सांगत बसत नाही. ज्याने कधी सरकारी कचेरीत अर्ज दिलाय त्याला ते पाठ आहे. हे आमच्या अखत्यारीत नाही. वर कळवलंय. वरून उत्तर, स्थानिक पातळीवर विचारा. मानसोपचारतज्ज्ञांचं पद रिक्त. माहिती अधिकाराचा अर्ज, त्याला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या तालुक्यातून किती रुग्ण महिन्याला जिल्ह्याला औषध न्यायला जातात, असं विचारलं होतं. मुदत टळून गेल्यावर आकडा आला, तो आमच्या अंदाजाच्या तिप्पट होता. त्या रविवारी वाचनालयात कुणी फारसं बोललं नाही. आम्ही स्वतःला सात घरं समजत होतो.

मग लोकशाही दिन. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. माझ्या पुढे एका शेतकऱ्याचं पाणंद रस्त्याचं भांडण होतं, मागे विधवा पेन्शन. माझी पाळी आली तेव्हा मला वाटलं होतं तेवढं बोलता आलं नाही. गुरुजींच्या मुलीने बोलायचं ठरवलं होतं, पण ऐनवेळी ती जिन्यातच बसून राहिली. तिच्या वतीने मी बोलले आणि खाली आल्यावर ती म्हणाली, "तू 'हे रुग्ण' 'हे रुग्ण' म्हणत होतीस. मी इथेच होते की." हे मला अजून टोचतं. हक्कांची भाषा बोलता बोलता मी तिला तिसऱ्या पुरुषात ढकललं होतं.

अर्जाला आधार म्हणून गुरुजी दाखले जोडायचे. नाशिक जिल्ह्यातल्या 41 गावांत 'आत्मीयता' नावाने जो प्रयोग झाला त्याचा: गावातलेच लोक शिकून दारोदार जातात, दुःखी माणसाशी चार-सहा वेळा बसून बोलतात, गरज पडली तर दवाखान्याची वाट दाखवतात. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांतल्या 'विश्राम'चाही: नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तेही आत्महत्याग्रस्त विदर्भात. हा आकडा गुरुजींना तोंडपाठ. समोरचा अधिकारी म्हणायचा, "पण तिकडे संस्था होती." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. संस्था निघून गेल्यावर काय राहतं, हा प्रश्न आमचाही होताच.

उत्तर टाळेबंदीने दिलं. मार्च 2020 मध्ये एसटी बंद झाली आणि पंधरा दिवसांत घराघरांतल्या पट्ट्या संपत आल्या. फोनवर फोन. जिल्ह्याहून आमच्याकडे एक गाडी मात्र येत होती, लहान मुलांच्या नेहमीच्या लशींची. आमच्या आशाताईंनी ओळखीच्या फार्मासिस्टला गळ घातली. नावं आणि डोस लिहिलेली यादी गाडीतून वर गेली आणि गोळ्या लशींच्या डब्याशेजारी बसून खाली आल्या. आशाताई मास्क लावून दारोदार. दादाच्या पाकिटावर तिने बॉलपेनने चांदणी काढली होती, कारण त्याला पाकीट कुणीतरी उघडलंय असं वाटलं तर तो गोळी घेत नाही. चांदणीचा काही संबंध नाही, पण त्याने घेतली.

टाळेबंदी उठल्यावरच्या अर्जात आम्ही कलम टाकलं नाही, आकडे टाकले नाहीत. दोन ओळी होत्या. एसटी बंद असताना गोळ्या पोचत होत्या. आता एसटी सुरू आहे तर का पोचत नाहीत?

त्यानंतर काही महिन्यांनी दुसरा आणि चौथा गुरुवार ठरला. जिल्ह्याचं पथक येतं, ग्रामीण रुग्णालयात खोली नंबर नऊ. मध्ये डॉक्टरांची बदली झाली तेव्हा चार महिने खोलीला कुलूप होतं. पांढरी गोळी अजूनही अधूनमधून 'शिल्लक नाही'. तेव्हा अर्ज चालूच आहेत. माझ्याकडे आता पोचांची एक फाइल आहे, जाडजूड, वर लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं कव्हर.

पण दादाला बरं कशाने वाटलं म्हणाल, तर पहिलं नाव मी सायकलच्या दुकानाचं घेईन. त्याच्या शाळेतला एक मित्र स्टँडजवळ पंक्चर काढतो. दहा-बारा वर्षांपूर्वी दादा तिथे जाऊन नुसता बसायचा. मित्राने त्याला कधी 'कसं वाटतंय' असं विचारलं नाही. एक दिवस ट्यूब हातात दिली आणि म्हणाला, "बघ रे कुठून जातीय." दादाने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बोटाबोटाने सरकवली. बुडबुडे आले तिथे अंगठा ठेवला. पॉलिश पेपरने घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली, तुकडा बसवला. फिटरचा हात होता तो. ऐकू येणारे आवाज अजून येतात, पण तो म्हणतो, दुकानात कॉम्प्रेसर चालू असला की त्यांचं काही कळत नाही. शासनाच्या कागदात 'समाजाधारित सेवा' असा शब्द येतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते घमेलं येतं. त्या मित्राला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "सेवा कसली, एका टायरमागं दहा रुपये देतो त्याला."

गेल्या वर्षी मी गटात नवीन विषय काढला. कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येतं की पुढे आजार बळावला तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. तातडीच्या उपचारांच्या वेळी ते लागू होत नाही, हे खरं. तरी लिहून ठेवावं. मी सगळ्यांना कोरे कागद वाटले. दादाने कागद घडी करून खिशात घातला. मला वाटलं, तिकडे सोल्यूशन पुसायला वापरेल.

तीन आठवड्यांनी रात्री जेवणं झाल्यावर त्याने दोन कागद माझ्यापुढे ठेवले. त्याचं अक्षर अजून आयटीआयच्या ड्रॉइंगसारखं आहे, तिरकं आणि एकसारखं. लिहिलं होतं: मला बांधू नये. फिरायला जाऊ असं खोटं सांगून गाडीत बसवू नये, कुठे नेताय ते सांगावं, मग मी ओरडलो तरी चालेल. ज्या इंजेक्शनने मान वाकडी झाली होती ते देऊ नये. चप्पल काढून घेऊ नये. खाली, माझ्या वतीने बोलण्यासाठी, म्हणून सायकल दुकानवाल्याचं नाव, आणि त्याची सही. माझं नाव कुठेच नव्हतं.

मला राग आला. इतकी वर्षं केस पेपर कुणी काढले? त्या खिडकीशी कोण भांडलं? मी हे तोंडाने बोलले नाही, पण भांडी जरा जोरात ठेवली असणार, कारण आई आतून म्हणाली, काय पडलं? दावं तिथे आता कधीचंच नव्हतं, पण मी गोठ्याच्या दिशेने बघितलं आणि त्यानेही बघितलं. दुसरं टोक कुणाच्या हातात होतं ते त्याला आठवत असेलच. मी विचारलं नाही.

"वाचलंस?" तो म्हणाला.

"वाचलं."

"एक प्रत तुझी." त्याने दुसरा कागद पुढे सरकवला आणि शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. "हिच्यावर सही कर. पोच पाहिजे."

मी सही केली. त्याने कागद दिव्याखाली धरून नीट बघितला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"तारीख टाक की."